नाशिकला आल्यापासून मुलगा गप्प गप्प झालाय, काय करू?

निफाडची_सून:
जूनमध्ये निफाडकडच्या गावातून पाथर्डी फाट्याला फ्लॅटवर आलो, मिस्टर अंबड एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी. मुलगा साडेतीन वर्षांचा. गावाला दिवसभर आजोबांच्या मागे मळ्यात, चुलत भावंडं सोबत, नुसती बडबड. इथे नाईट करून बाबा झोपलेले असतात म्हणून मी आवाज नको म्हणते आणि मोबाईल देते. आता बोलणं कमी झालंय, हाक मारली तरी कधीकधी बघत नाही. सासूबाई म्हणतात त्याला गावाला पाठव, माझं मन धजत नाही. वातावरण बदलल्याने एवढा फरक पडतो का?

गंगापूर_रोडवाली:
पडतो ताई, पण आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. येणारं बोलणं कमी झालं आणि हाकेला बघत नाही, हे फक्त घर बदलल्यामुळे म्हणून सोडायचं नसतं. अंगणवाडीत चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी फुकट होते.

बालवाडीताई:
तपासणी कराच. बाकी माणसं किती यापेक्षा मुलाशी मन लावून बोलणारं रोजचं माणूस कोण, हे महत्त्वाचं. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी चाळीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं, गरिबी, घरातली भांडणं असं सगळं सोसलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही छान निघाली आणि त्यांच्यात वारंवार दिसलं ते म्हणजे जिव्हाळ्याचं एक तरी माणूस, मग ती आजी असो की शेजारीण. त्यामुळे तुमच्यापासून तोडून गावाला पाठवू नका, आजोबांनाच महिनाभर इकडे बोलवा ना. आणि मोबाईल, या वयाला डब्ल्यूएचओ दिवसाला एक तासाच्या वर नको म्हणते, त्याहून कमी तर उत्तमच.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
बाबालाही कामाला लावा वहिनी. मी सेकंडला असलो की सकाळी लेकीला घेऊन मेथी निवडतो, ती एकेक पान तोडते आणि हे कुठून आलं, ते का पिवळं, चालूच, मी फक्त उत्तरं देतो.

निफाडची_सून:
उद्याच डॉक्टरांची वेळ घेते, सासऱ्यांनाही फोन करते. पण दादा, नाईटच्या आठवड्यात काय करता?

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
तेव्हा मी दार लावून झोपतो, बायको तिला गार्डनला नेते. चार वाजता उठलो की चहा होईपर्यंत मी तिचाच.