मदत हवी आहे: मुलाच्या शाळेतल्या क्रमाने जपानी कांजी शिकू की माझ्या गरजेप्रमाणे?

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. मुलगा एप्रिलपासून इथल्या सरकारी शाळेत पहिलीत जातोय. हिरागाना, काताकाना या जपानीच्या उच्चार दाखवणाऱ्या लिप्या मला वाचता येतात, पण कांजीपाशी, म्हणजे चीनमधून आलेल्या, अर्थ दाखवणाऱ्या अक्षरांपाशी गाडी अडली आहे. संध्याकाळी तो अभ्यासाला बसला की मीही शेजारी वही घेऊन बसते.

पहिलीला ८० कांजी असतात. आकडे, वर-खाली, डोंगर, नदी, झाड इथपर्यंत ठीक. पण त्यातच शिंपला, दोरा, बांबू आणि किडाही आहे! मला रोज लागतं ते वेगळंच. आम्ही मांस खात नाही, त्यामुळे दुकानात प्रत्येक पाकीट उलटून 'निकु' शोधावं लागतं. ही कांजी दुसरीत येते. अंड्याची 'तामागो' थेट सहावीत. डुकराची 'बुता' तर प्राथमिक शाळेच्या १,०२६ कांजींमध्ये नाहीच.

त्यात उच्चारांचा गोंधळ. 'दिवस' दाखवणारी कांजी 'निचियोबी' म्हणजे रविवार या एकाच शब्दात दोनदा येते, आधी 'निचि' आणि शेवटी 'बी'. एकटी असली की 'हि'. दोन तारखेला 'फुत्सुका' म्हणताना 'का'. प्रत्येक कांजीचे सगळे उच्चार आधी पाठ करायचे का? आणि हाताने गिरवणं खरंच गरजेचं आहे का? डिसेंबरची एन-फाइव्ह, म्हणजे जपानी भाषेची सगळ्यात सोप्या पातळीची परीक्षा, द्यायची मनापासून इच्छा आहे. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

उच्चारांच्या याद्या अजिबात पाठ करू नका, शब्द पाठ करा. आपण एरवी 'पाणी' म्हणतो, पण जोडशब्दात 'जल' येतं: जलाशय, जलवाहिनी. तसंच इथे नुसतं पाणी 'मिझु', पण बुधवार 'सुइयोबी' आणि नळाचं पाणी 'सुइदो'. मूळ जपानी उच्चार तो कुन्योमी, चीनमधून आलेला तो ओन्योमी. दोन-तीन कांजी सलग जोडून आल्या की बहुतेक वेळा ओन्योमी. अपवाद भरपूर आहेत, पण एवढं धरून चाललात तरी बराच पल्ला गाठाल.

गरजेचे शब्द मात्र आजच शिका, इयत्ता बघू नका. मांसासाठी ग्यूनिकु (गोमांस), बुतानिकु (डुकराचं), तोरिनिकु (कोंबडीचं). औषधाच्या पाकिटावर शोकुझेन म्हणजे जेवणाआधी, शोकुगो म्हणजे जेवणानंतर. आणि एक नीट लक्षात ठेवा: शोक्कान. 'जेवण' आणि 'मध्ये' अशा दोन कांजी दिसतात, म्हणून लोक जेवता जेवता गोळी घेतात. त्याचा अर्थ दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, साधारण जेवणानंतर दोन तासांनी. मुलाचं औषध असेल तर हे फार महत्त्वाचं.

एन-फाइव्हला हाताने लिहायचं काही नसतं, सगळं पर्याय निवडून. कांजींची अधिकृत यादीही २०१० पासून प्रसिद्ध होत नाही. साधारण १०० धरून तयारी करतात.

प्रतिसाद २

परीक्षेत लिहायचं नसलं तरी पहिलीच्या ८० कांजी हाताने गिरवाच, असं मी आग्रहाने सांगेन. ज्या शिंपल्याबद्दल तुम्ही लिहिलंत, तोच बघा. प्राचीन चीनमध्ये शिंपले चलन म्हणून वापरत, त्यामुळे पैशाशी संबंधित कितीतरी कांजींत तो बसलेला असतो. 'काउ' म्हणजे विकत घेणे, त्यात खाली शिंपलाच आहे. दोरा 'कामी' म्हणजे कागदात आहे, रेल्वेमार्गाच्या 'सेन'मध्ये आहे आणि शेवटची गाडी 'शूदेन', तिच्या पहिल्या कांजीतही आहे. 'कोताए' म्हणजे उत्तर, त्याच्या डोक्यावर बांबू. पहिलीतली चित्रं पुढच्या कांजींचे सुटे भाग आहेत. ते हातात बसले की पुढची कांजी वीस रेघांचं जंजाळ वाटत नाही, ओळखीचे दोन-तीन तुकडे दिसतात.

रेघांचा क्रम मुलाकडूनच शिका. उजवा 'मिगी' आणि डावा 'हिदारी' वरून सारखेच दिसतात, पण मिगीची सुरुवात तिरप्या रेघेने आणि हिदारीची आडव्या रेघेने. रेघ कुठे थांबवायची, कुठे उचलायची, कुठे ओढत न्यायची (तोमे, हाने, हराई), हे इथल्या शिक्षिका बारकाईने तपासतात. तुम्हाला ते येत असेल तर मुलाच्या गृहपाठालाही मदत होईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शिंपल्याचं कळल्यावर मुलाला लगेच दाखवलं, त्याने घरातल्या कागदांवर शोधायला सुरुवातही केली.

अजून एक विचारते. शाळेच्या चिठ्ठीत 'मोचिमोनो', म्हणजे काय काय आणायचं, हे दर वेळी असतं. त्यातली 'मोत्सु'ची कांजी आणि वाट बघण्याची 'मात्सु' मला एकसारख्याच दिसतात. कशा ओळखायच्या?

प्रतिसाद २

उजवीकडचा भाग दोन्हींत एकच आहे, 'तेरा' म्हणजे देऊळ. फक्त डावीकडे बघा. मोत्सुला हात आहे: उभी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन आडव्या, उभीच्या खालच्या टोकाला छोटा हुक. हातात धरणे. मात्सुला दोन तिरप्या रेघा आणि खाली एक उभी, हा चालण्या-जाण्याचा भाग. 'वेळ' म्हणजे 'तोकी', त्यातही उजवीकडे हेच देऊळ, डावीकडे तुमची 'दिवस'वाली कांजी. तिन्ही एकाखाली एक लिहून काढा.