मे महिन्यातलं कोकणातलं लग्न आणि पैठणी

"जवळच्या लग्नात पैठणीच शोभते" असं लग्नातल्या कपड्यांच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. मुंबईच्या एसी हॉलपुरतं मान्य. पण लग्न मे महिन्यात, कुडाळ-मालवणकडे घरच्या खळ्यात (अंगणात) असेल तर नका नेसू. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. मुहूर्त दुपारचा असला की मंगलाष्टकं संपेपर्यंत काखेत आणि पाठीवर रेशीम भिजून चिकटतं, आणि घामाचे डाग त्यावरून सहजी जात नाहीत. त्यापेक्षा माहेश्वरी किंवा सुती इरकल नेसा, ब्लाउजही सुतीच शिवा. ठसठशीत काठ-पदर असला की आजी-मावश्यांनाही ती लग्नाचीच साडी वाटते.

पंगतीचा विषय तर इथे कुणी काढलाच नाही. गावाकडे अजून कितीतरी घरी जेवायला जमिनीवरच बसवतात. घट्ट जीन्समध्ये मांडी घालणं म्हणजे शिक्षाच, म्हणून पुरुषांनी सरळ सुती कुर्ता-पायजमा घालावा. साडी घोट्याच्या किंचित वर ठेवा. तिथली लाल माती फिक्या काठाला लागली की निघता निघत नाही. आणि काळा रंग टाळाच, घरातल्या वडीलधाऱ्यांना तो लग्नात अजूनही खटकतो.