गणपती ‘सेट’ करायचा की बसवायचा?

मास्तर, मंगळवार पेठ
परवा कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या मंडळातल्या पोरानं निरोप दिला, “सर, मूर्ती सेट केलीया, आरतीला या.” दिवसभर ते वाक्य मनात खुपत राहिलं. गणपती आपण बसवतो. टीव्ही, फ्रिज, मोबाईल यांच्या रांगेत त्याला का आणायचा?

राग इंग्रजीवर नाही. ‘सेट’चं मूळ बघा. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसायला लावणे. अगदी आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखं. संस्कृतातला ‘सद्’ धातू त्याच घराण्यातला. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे सगळे त्याचेच. १९८९ च्या ऑक्सफर्ड कोशात या एका क्रियापदाचे ४३० च्या वर अर्थ आहेत, नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. पण आपलं ‘बसवणे’ काय कमी आहे? घडी बसवतो, नाटक बसवतो, चाल बसवतो, कर बसवतो, दहशत बसवतो. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ पेठेत, कारागीर कोंदणात खडा बसवतो. इतका कामाचा शब्द हाताशी असताना तो टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

सेटर, शिवाजी उद्यमनगर
मास्तर, गणपतीचं मान्य. पण सरसकट नको. मी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, सेटर आहे. ‘मशिन बसवलं’ म्हणजे गाडीतनं उतरवून फौंडेशनवर उभं केलं, बोल्ट आवळले. ‘मशिन सेट केलं’ म्हणजे जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकच्या पकडीत धरला, डायल लावून तो सरळ फिरतो का बघितलं, टूलच्या मापातले फरक (ऑफसेट) भरले, पहिला पीस काढून मापला. दोन वेगळी कामं, दोन वेगळी माणसं. मालकानं मला ‘मशिन बसव’ म्हटलं तर मी क्रेन बोलवीन. इथं ‘सेट’ काढला तर कामाचा अर्थच जाईल.

गणिताच्या बाई, राजारामपुरी
मास्तर, तुम्ही फक्त क्रियापद धरलंत. दागिन्यांचा सेट, कपबश्यांचा सेट यातलं नाम निराळ्या वाटेनं आलंय. जुन्या फ्रेंचमधला ‘सेत’, त्याच्यामागे लॅटिन ‘सेक्ता’, म्हणजे एकाच्या मागून जाणाऱ्यांचा पंथ. त्या लॅटिन धातूचा संस्कृत भाऊ ‘सच्’, ज्यातून सचिव आला. उच्चार एकच झाल्यावर पुढं दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. म्हणून ‘बसवणे’ कितीही ताणलं तरी कपबश्यांना पुरणार नाही. तिथं ‘संच’ हवा. गणिताच्या पुस्तकात आम्ही तोच शिकवतो आणि मुलांना तो जड जात नाही.

मास्तर, मंगळवार पेठ
बाई, नामाचं मूळ वेगळं, हे मी सांगायला हवं होतं. चूक माझी. सेटरदादा, तुमचंही कबूल. कारखान्यातला शब्द कारखान्यानं ठरवावा. माझं भांडण घरातल्या नि तालमीतल्या बोलण्याशी आहे.

रंकाळ्याकाठची
घरातलंच घ्या की, सर. ‘दही सेट झालं का?’ असं माझी सून विचारते. आम्ही ‘दही लागलं का’ म्हणायचो. इथं तुमचं ‘बसवणे’ चालतच नाही, ‘लावणे’च लागतं. दही लावतो, भात लावतो, दिवा लावतो, दार लावतो, गजराचं घड्याळ लावतो. गजर ‘सेट’ करायच्या आधी आपण तो लावतच होतो. एका ‘सेट’पायी किती क्रियापदं घरातनं जात्यात, ते मोजा. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

एक वाचक, शाहूपुरी
‘सेट’ला परका म्हणणं मला पटत नाही. सिनेमाचा ‘सेट’ कोल्हापूरनं कधीच आपला केलाय. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे. १९२० ला त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. तेव्हापासून इथं पिढ्यान्‌पिढ्या सुतार, रंगारी सेटवर राबले. त्यांच्या तोंडचा शब्द परका कसा?

सेटर, शिवाजी उद्यमनगर
परका नाहीच. पण ताई म्हणतात ते खरंय. काल घरी पोरीला ‘गजर सेट कर’ म्हणालो. आज ‘लाव’ म्हटलं, तिनं लगेच लावला.