'ऑगर्स वेल' : शकुन, चिन्ह की नांदी?

रात्रपाळी : पीक-अंदाजाच्या एका इंग्रजी अहवालाचं भाषांतर करतोय. वेळेवर आलेला मॉन्सून खरिपासाठी 'ऑगर्स वेल', असं वाक्य आहे. मी 'शुभशकुन ठरेल' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडलं. अहवालात शकुन-बिकुन नको, अंधश्रद्धा वाटते म्हणे. काय लिहू?

जुनाबाजार : शकुनच लिहा. ऑगर हे रोममधल्या पुरोहितांचं पद. टोकाला वळलेल्या काठीने आकाशाचा भाग आखायचा, त्यात पाखरं कुठून येतात ते बघायचं आणि देवांची संमती आहे की नाही ते सांगायचं. इनॉगरेट त्यातूनच आलं. आपला 'शकुन' तरी काय, संस्कृतात मुळात पक्षीच. शकुंतांनी रानात सांभाळली म्हणून ती शकुंतला.

तिरपा डोळा : पक्षी खात्रीने आहे तो ऑस्पिशिअस, म्हणजे शुभ, या शब्दामध्ये. आविस म्हणजे पक्षी, स्पेकेरे म्हणजे पाहणं. आपलं 'पश्यति' त्याच घरचं. ऑगरमध्ये आविस शोधणारे रोमनांच्या काळापासून आहेत, पण हल्ली बरेच अभ्यासक तो ऑगेरे, म्हणजे वाढवणं, या धातूकडे नेतात. ऑगस्टस, ऑक्शन, ऑथर ही सगळी त्या गोतातली. संस्कृत 'ओजस्'सुद्धा.

चिमणचारा : लॅटिन राहू द्या हो. 'ऑगर्स इल'ही म्हणतातच की! म्हणजे क्रियापदात शुभ-अशुभ काहीच नाही, ते पुढच्या शब्दावर. 'खरिपाची चिन्हं बरी दिसताहेत' लिहा आणि मोकळे व्हा. आमची आजी 'लक्षण काही ठीक नाही' म्हणायची, सगळ्यांना कळायचं.

पानमळा : 'चांगल्या हंगामाची नांदी'?

तिरपा डोळा : नांदी झाली म्हणजे नाटक सुरू झालं. इथे अजून पेरणीसुद्धा नाही.

रात्रपाळी : सहकाऱ्याने कोशात बघून 'गिरमिट' सांगितलं!

जुनाबाजार : स्पेलिंगात एका अक्षराचा फरक, पण ते सुताराचं हत्यार. जुन्या इंग्रजीत नाफुगार, चाकाची नाभी पोखरायचं. हे नाफु आणि आपली नाभी एकाच मुळाची. पुढे 'अ नॉगर'मधला न मागच्या अ-ला चिकटला आणि 'ॲन ऑगर' झालं.

शुद्धमती : 'सूचित करतो' हे सरळ क्रियापद असताना एवढा खटाटोप कशाला? शिवाय मॉन्सून कशाला, मोसमी पाऊस म्हणा.

चिमणचारा : मोसमी अरबी, खरीप अरबी. अहवालच परत पाठवू या का?

पानमळा : शकुनाला अंधश्रद्धा म्हणणाऱ्या बाईंना रोमन सेनापती क्लॉडियस पुल्करची गोष्ट ऐकवा. इ. स. पू. २४९, सिसिलीजवळ ड्रेपानाची लढाई. शकुनाच्या कोंबड्या दाणा टिपेनात, म्हणजे अपशकुन. पठ्ठ्याने त्या समुद्रात फेकल्या : खात नाहीत, तर पिऊ देत! मग पार धुव्वा उडाला, ९३ गलबतं गेली.

तिरपा डोळा : गलबतं डावपेच चुकल्याने गेली. कोंबड्यांचा संबंध नाही.

पानमळा : रोमनांना पटवा. पावसाचं म्हणाल तर आमच्याकडे टिटवीला विचारतात. अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस दणकून.

शुद्धमती : टिटवी ओरडली की वाईट, असं ऐकून आहे.

पानमळा : ओरडणं वेगळं, अंडी वेगळी.

चिमणचारा : आणि पावशा? 'पेरते व्हा' म्हणतो तो! यापेक्षा स्पष्ट ऑगर कुठला?

रात्रपाळी : मंडळी, अहवाल सकाळी द्यायचाय. 'सूचित करतो' की 'चिन्हं बरी'?

जुनाबाजार : पावशा आणि चातक एकच ना?

तिरपा डोळा : मुळीच नाही. चातकाला तुरा असतो.