नैराश्याची जुनी गोळी पुन्हा सुरू करताना: अनुभव आणि माहिती

धागा सुरू करताना

दोन-तीन औषधं झाली, समुपदेशन झालं, तरी उतार नाही. आता डॉक्टर म्हणतात, पूर्वीचीच एक गोळी परत घेऊन बघू. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: जी एकदा लागू पडली नाही ती आता कशी पडेल? या क्षेत्रात रोज काम करणाऱ्यांनी आणि रुग्णाचं सगळं बघणाऱ्यांनी इथं लिहावं. डोस, आठवडे, तपासण्या, कुठं चुकतं, असं नेमकं हवं आहे.

मानसोपचार ओपीडीतून

आधी जुन्या चिठ्ठ्या काढा आणि वहीत चार रकाने आखा: औषध कोणतं, जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम, त्या डोसवर किती आठवडे, आणि का थांबवलं. 'सगळी औषधं झाली' म्हणणाऱ्यांच्या फायलीत बऱ्याचदा एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम, तेही तीन आठवडे, एवढंच निघतं. हे औषध वापरून झालं असं म्हणताच येत नाही. एस्सिटालोप्रॅमचा नेहमीचा डोस १० ते २०, सर्ट्रालीनचा ५० ते २००, व्हेन्लाफॅक्सिनचा ७५ ते २२५, मिर्टाझापिनचा १५ ते ४५. साठी-पासष्टीच्या पुढं एस्सिटालोप्रॅम बहुधा १० वरच ठेवतात. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे जावे लागतात. चार आठवड्यांत काडीचाही फरक नसेल तर मात्र नुसतं थांबून राहू नये, डॉक्टरांना भेटून पुढचं ठरवावं. दोन वेगवेगळी औषधं अशी नीट घेऊनही उतार पडला नाही, तरच आजार औषधांना दाद देत नाही असं मानतात.

चौथ्या रकान्यावर जास्त वेळ घालवा, पुन्हा घ्यायची की नाही हे तिथंच ठरतं. मळमळ, जुलाब, डोकं जड होणं यामुळं सोडली असेल तर ती परत घेण्यासारखी असते: अर्ध्या डोसपासून, जेवणानंतर. हा त्रास बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. बरं वाटलं म्हणून मनानंच बंद केली असेल तर ती यादीत सगळ्यात वर. लैंगिक त्रासामुळं सोडली असेल तर कृपा करून तसं स्पष्ट सांगा. तो त्रास सहसा आपोआप जात नाही, पण बुप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारख्या औषधांत कमी असतो.

अंगभर पुरळ उठलं होतं, रक्तातलं सोडियम घसरलं होतं, तर ती गोळी डॉक्टरांना न विचारता हातातही घेऊ नका. आणि गोळी सुरू झाल्यावर माणूस झोपेशिवाय ताजातवाना, अखंड बडबड, वारेमाप खर्च असं काही झालं असेल तर ते आवर्जून सांगा. मग आजार बायपोलर (कधी नैराश्य, कधी अति उत्साह) असण्याची शक्यता बघावी लागते आणि उपचाराची दिशाच बदलते.

औषध दुकानातून, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

स्ट्रिपवर दोन नावं आहेत का बघा. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्या खूप चालतात. क्लोनाझेपामनं पहिल्याच रात्री झोप लागते, म्हणून गोळी लागू पडली असं वाटतं. काही महिन्यांनी ती एकदम बंद केली की घबराट सुटते, झोप उडते आणि घरचे म्हणतात आजार उलटला. परत सुरू करताना दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून मिळतील का हे डॉक्टरांना विचारा, म्हणजे एकाचा डोस वाढवताना दुसऱ्याचा आपोआप वाढत नाही.

व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरोक्सेटीन दोन दिवस चुकलं की गरगरतं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. तो डोस चुकल्याचा परिणाम, आजार परतल्याचा नव्हे.

सोबतची औषधंही दाखवा. पित्तावरची ओमेप्राझोल रक्तातलं एस्सिटालोप्रॅम वाढवते, टीबीची रिफॅम्पिसिन बऱ्याच औषधांचा जोर कमी करते. वेदनांवरचं ट्रॅमाडॉल नैराश्याच्या या गोळ्यांसोबत धोक्याचं. गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन घेणाऱ्यांना पोटात रक्तस्रावाची भीती वाढते. जनऔषधी केंद्रातली घेतली तरी चालते, फक्त औषधाचं मूळ नाव जुळवून घ्या.

लॅबमधून

औषध निकामी ठरवण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन बघून घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तसं सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो. वयस्कर माणसाला गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सोडियम तपासावं, कारण सुस्ती आणि गोंधळलेपण त्यानंही येतं.

गोळीला जोड म्हणून लिथियम दिलं असेल तर रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन आलात तर आकडा खोटा चढा दिसतो. चैत्रात जोतिबाला चालत जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं: घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं की लिथियम अंगात साठतं. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर पुढचा डोस न घेता लगेच दवाखाना गाठा.

शॉकबद्दल थोडं

गोळ्यांनी भागत नसेल तर ईसीटी, म्हणजे विजेच्या शॉकचा उपचार, हा खरोखर प्रभावी पर्याय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही. साधारण ६ ते १२ वेळा देतात. काही काळ विसरायला होतं, ते आधी समजून घ्या.

घरी काळजी घेणाऱ्याकडून

वर चार रकाने सांगितलेत, त्यात पाचवा घाला: नैराश्य मोजायच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीचे गुण. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दर रविवारी भरून घ्या. सुरुवातीचे गुण निम्म्यावर आले तर औषध काम करतंय, ५ च्या खाली गेले तर माणूस जवळपास बरा. तोंडी 'तसंच आहे' म्हणणाऱ्याचेही गुण १९ वरून १३ वर आलेले असू शकतात, आणि ऐन त्या वेळी औषध बदलायला नको. आधी झोप आणि भूक सुधारते, मन मागून येतं.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तिथं शून्याशिवाय काही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पहिल्या काही आठवड्यांत, खास करून पंचविशीच्या आतल्यांना, अस्वस्थता आणि असे विचार वाढू शकतात. तेव्हा एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र मराठीत बोलता येतं, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा, बाहेर एकेका दिवसाच्याच. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीनसारखी जुनी औषधं घरात असतील तर ती आधी कुलपात टाका, त्यांचा जादा डोस हृदयावर जातो.