जून १८५८, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं घर: नऊ वर्षांच्या मुलीच्या नजरेतून हाल कसे लिहावेत?

दौलतगंज: किशोरांसाठी कादंबरी आहे. वडील शिंद्यांच्या पायदळात, नायिका नऊ वर्षांची. लढाईची प्रकरणं उभी राहिली, पण घरातली ओढाताण उपदेशासारखी वाटते. कुठे चुकतंय?

जनकगंज: ताई, क्रम तपासा. १ जूनला ग्वाल्हेरलगतच्या मुरारजवळ शिंद्यांची बहुतेक फौज तात्या टोप्यांच्या बाजूला गेली, महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघाले आणि शिंद्यांच्याच खजिन्यातून शिपायांना पगार मिळाला. म्हणजे या घरात आधी पैसा येतो. १९ तारखेला इंग्रजांनी लष्कर शहर घेतलं, २० ला ग्वाल्हेरचा किल्ला. आता तेच रुपये आईला लपवायचे आहेत, बाजारात मोडायची भीती आहे. उपास इथून सुरू होतो, आणि मुलीला त्याचं कारण कोणी सांगत नाही.

भूक मापाने दाखवा. शेर म्हणजे १६ छटाक, आजचे साधारण ९३० ग्रॅम. पाच माणसांना रोज अडीच शेर पीठ लागत असेल तर ते दीडवर आणा, मग एकावर. मुलगी परातीतला गोळा बघते, भाकऱ्या मोजते, तेवढं पुरे. ‘मला भूक नाही’ म्हणणारी आई मात्र नको, ते वाक्य फार झिजलंय.

मुरार: तिच्या तोंडी तारखा आणि सेनापतींची नावंही नकोत. तिला तोफ ऐकू येते, गल्ली ओस पडलेली दिसते.

आणि चंद्र सांभाळा. ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सरायची लढाई १७ जूनची, ज्येष्ठ शुद्ध सप्तमीची. (तिथे पडलेल्या झाशीच्या राणीच्या मृत्यूची तारीख काही जण १८ धरतात.) अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. घर सोडायचा प्रसंग त्यानंतर ठेवलात तर टिपूर चांदणं लिहू नका. घासलेटचा कंदील, चहा, आगगाडीही काढा. वडिलांची चिठ्ठी मोडी लिपीत असेल. मुलीला वाचता येत नसेल तर ती कोणाकडून वाचून घ्यायची, कोणावर भरवसा ठेवायचा, यातच एक प्रकरण निघेल.

दौलतगंज: शेवट २० जूनला केलाय.

जनकगंज: तो पुढे न्या. राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव जवळपास तुमच्या नायिकेच्याच वयाचा. तो रानावनात भटकून १८६० साली इंदूरला पोचला. त्याला कथेत आणू नका, पण काळाचं माप म्हणून जवळ ठेवा. वडील परागंदा असतील तर निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा या घरात काढावा लागेल.