डिशवॉशर भिंतीला चिकटून बसत नाहीये, कॉक आत घ्यायला भिंत फोडू का?

विजापूररोडकर:
नमस्कार मंडळी. घर स्वतःचं आहे, बारा-तेरा वर्षं जुनं. आईचे गुडघे दुखतात, मावशी सुट्टीवर गेल्या की भांडी तिच्यावरच पडतात, म्हणून डिशवॉशर घेतला, ६० सेंमी रुंद आणि ६० खोल. ओट्याखालच्या ट्रॉल्या काढून जागा केली, पण मागच्या भिंतीत नेमका जुना अँगल कॉक आहे आणि त्याच्याखालून सिंकचा वेस्ट पाइप आडवा गेलाय, त्यामुळे मशीन ओट्याच्या साडेचार इंच बाहेर येतंय. किचन अरुंद, समोर फ्रिज, मशीनचं दार उघडलं की जायला जागाच राहत नाही. प्लंबर म्हणतोय झिरी मारून, म्हणजे भिंतीत चर खोदून, कॉक आत घेतो. भिंत चार इंची आहे, पलीकडे देवघर. काय करू?

अक्कलकोटरोडचा मिस्त्री:
दादा भिंतीला हात लावू नका. चार इंची भिंतीत आडवी झिरी मारली की निम्मी वीट कापली जाते, मग काय राहिलं तिच्यात? आणि कॉक मशीनच्या मागं नकोच बगा, उद्या गळायला लागला तर चाळीस-पन्नास किलोचं धूड ओढूनच तो बंद करायचा. मागचा पॉइंट एंड प्लग घालून कायमचा बंद करा आणि पाण्याचं कनेक्शन सिंकखालच्या कपाटात घ्या, सिंकच्या नळाला जो कॉक आहे तिथंच टू-वे, म्हणजे दोन तोंडांचा कॉक, बसतो, मशीनच्या नळीला पाऊण इंची आटे लागतात तेवढं बघून आणा. मधल्या प्लायला खाली दोन-अडीच इंची भोक पाडायचं, पाण्याची नळी, ड्रेनची नळी दोन्ही तिथनं. बऱ्याच मशीनच्या पाठीला खाली खाच असते, नळ्या तिच्यात बसतात. वेस्ट पाइप सिंकखालीच कापून खाली उतरवा आणि अगदी जमिनीलगत न्या, म्हणजे तोही त्या खाचेत जाईल, फक्त ढाळ ठेवा.

होटगीरोडची ताई:
वरच्यांचं बरोबर आहे, मी फक्त ड्रेनचं सांगते कारण आमच्याकडे तिथंच चुकलं. बसवणाऱ्याने नळी सरळ खाली मोरीच्या जाळीत सोडली होती. मशीन पाणी भरतंय, भरतंय आणि तळाशी थेंब नाही! सगळं सायफनने आपोआप बाहेर जात होतं, दोन दिवस आम्ही मशीनच खराब समजत होतो. नळी आधी ओट्याच्या खालच्या अंगापर्यंत वर न्या, तिथे क्लिपने बांधा आणि मग सिंकच्या ट्रॅपच्या (वास अडवणारा खालचा वाकडा पाइप) वरच्या बाजूला जोडा. किती उंचीवर हवी ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

अजून एक, टाकी किती उंच आहे तुमची? दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतं. स्लॅबवरची टाकी नळापासून दहा-बारा फुटांवर असेल तर जेमतेम ०.३ बार, बऱ्याच मशीनना किमान तेवढं तरी लागतंच, त्यामुळे आधी मॅन्युअल बघा, गरज पडली तर छोटा प्रेशर पंप. बाकी चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या गावात हे मशीन मला तरी पटलंय, एका फेरीत दहा-बारा लिटरमध्ये होतं, मोरीत नळाखाली त्याच्या कितीतरी पट जातं. बोअरचं पाणी असेल तर डिशवॉशरचं मीठ भरायला विसरू नका, घरातलं आयोडीनचं चालत नाही, नाहीतर पेल्यांवर पांढरा थर धरतो. आणि भाकरीचा लोखंडी तवा बाहेरच धुवा, आत गंजतो.

विजापूररोडकर:
खूप खूप आभार दोघांचे. आत्ताच टेप लावून बघितलं, सिंकखालच्या कॉकपासून मशीनपर्यंत साडेतीन फूट भरतंय आणि पाण्याची नळी दीड मीटरची आहे, म्हणजे पुरते. टाकी स्लॅबवर चार फुटी स्टँडवर आहे. आईला सांगितलं देवघराची भिंत फोडत नाही, तिला फार बरं वाटलं. एकच विचारायचंय, पाण्याची नळी उरली तर कापली तर चालेल का? तिच्या टोकाला डबीसारखं काहीतरी जाड आहे.

अक्कलकोटरोडचा मिस्त्री:
अजिबात कापायची नाही दादा. ती डबी म्हणजे गळती झाली तर पाणी आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह, काही मशीनमध्ये त्यात वायर पण असते. उरलेली नळी सिंकखाली मोठा वेढा करून ठेवा, मुडपली जाऊ देऊ नका. आणि मशीन आत सरकवायच्या आधी एक रात्र लाइन चालू ठेवून प्रत्येक जॉइंटखाली कोरडा पेपर पसरा, सकाळी पेपर कोरडा दिसला तरच आत ढकला.